देवपुरातली तपासणी

आमच्या घरात हाक एकदाच मारायची पद्धत होती. आबा एस.टी.त कंडक्टर, दिवसभर गाडीत ओरडून त्यांचा घसा बसलेला असायचा, आणि घरी आल्यावर दुसऱ्यांदा हाक मारावी लागणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. ओट्यावर बसून बूट काढता काढता ते पाठमोरेच म्हणत, "मंदा, पाणी." मी चुलीवर दूध उतू जात असलं तरी उठून जायची. "हेमंत, चपला." माझा धाकटा भाऊ हेमू त्यांच्यामागे दोन हातांच्या अंतरावर खेळत असे आणि खेळतच राही. मग आबांची मान वळे, डोळे लाल होत, आणि पुढचं सगळं ठरलेलं. एक रट्टा, हेमूचं रडं, आईचं "अहो, लहान आहे," आणि आबांचं "लहान आहे म्हणून बहिरा आहे का?"

तो रट्टा टाळण्यासाठी मी एक गोष्ट सुरू केली. आबांची हाक आली की जवळ सरकून हेमूच्या पाठीवर बोटानं दाबायचं. ज्या बाजूला आबा, त्या बाजूला. तो लगेच तिकडे बघायचा, आबांचा हात चपलांकडे गेलेला दिसायचा, आणि पोरगा धावत चपला घेऊन यायचा. आबा खूश. कुकरची शिट्टी झाली, दाबलं. दाराची कडी वाजली, दाबलं. पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आवाजांना तोटा नव्हता. शेजारच्या टेलरचं मशीन, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, उन्हाळ्यात पडवीचा पत्रा तापून कडकड वाजायचा. गिरणी सुरू झाली की हेमू स्वतःहून भिंतीला हात लावून हसायचा. ढगांचा गडगडाट झाला की आईला येऊन चिकटायचा. थाळी वाजवली की गर्रकन वळायचा. म्हणून त्याला ऐकू येतं याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. जे त्याला येत नव्हतं ते माझं बोट भरून काढत होतं, आणि हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. मला वाटे, तो तंद्रीत असतो आणि मी त्याला जागं करते.

बोलत मात्र नव्हता. पाचवं सरत आलं तरी 'आ', 'ऊ', 'मा', 'बा' यापुढे गाडी जात नव्हती. मला 'मा' म्हणायचा आणि आईलाही 'मा'च. त्याचं म्हणणं मला सगळं कळे आणि मी ते सगळ्यांना सांगे, त्यामुळे त्याचं अडतही नव्हतं. आईनं तिच्या परीनं सगळं केलं. वेखंड उगाळून जिभेला लावलं. आमच्या वरच्या खोलीत अमळनेरकडची एक म्हातारी राहायची, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. तिनं सांगितलं, "पोपटना उष्टा पेरू दे त्याले. घडाघडा बोली." मग आबांनी एका ड्रायव्हरच्या मळ्यातून टोचलेले पेरू आणले, रुमालात बांधून, जपून, औषध आणावं तसे. हेमूनं ते आवडीनं खाल्ले. दोन दिवस आई त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

"मना भाऊ सात वरीसना व्हता तवय बोलना," अक्का आईला धीर द्यायची. "आते पाय, भाषणं करस. बठ्ठं बरं व्हई जाई. जीभ जड शे फक्त."

"तुझ्या तोंडात साखर पडो, अक्का," आई म्हणायची.

त्या उन्हाळ्यात, हेमूला पहिलीत घालायच्या आधी, आईनं नेहमीसारख्या बिबड्या केल्या, वाळवणाचे ज्वारीचे पापड. ज्वारीच्या पिठाची ती शिजलेली उकड, तिचा आंबूस गरम वास, गच्चीवर पसरलेल्या जुन्या साड्या आणि त्यावर गोल गोल थापलेल्या बिबड्या. आम्ही पोरं ती ओली उकड वाटीत घेऊन तेल टाकून खायचो. हेमूला काठी देऊन राखणीला बसवलं होतं. तो साडीच्या एका टोकाला बसून होता, नजर समोर, आणि त्याच्या पाठीमागे चार कावळे काव काव करत निम्मी साडी साफ करत होते. आईनं जिन्यातून वर येऊन ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिथंच पायरीवर उभी राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "याला कावळे ऐकू नाही आले का गं?"

"झोप लागली असेल त्याला," मी म्हटलं.

आईनं ते मानलं. मानायचंच होतं तिला.

जूनच्या तोंडावर आबा त्याला घेऊन शाळेत गेले. हेडमास्तर चांगले गृहस्थ होते, आबांना ओळखत होते. ते म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगं बोलत नाही, मी पहिलीत घेऊन त्याचं करू काय? धुळ्याला देवपुरात मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे, तिथं कान तपासतात. तपासून कागद आणा. मग बघू." एवढंच ते बोलले. पण घरी येईपर्यंत त्याचा अर्थ असा झाला की ऐकू येतं असा कागद आणला तर शाळेत घेतील, आणि तसा नाही मिळाला तर पोरगं देवपूरच्या शाळेत जाईल, वसतिगृहात, दिवाळीला घरी. आमच्याकडे परीक्षा म्हटलं की पास किंवा नापास. तपासणी हीसुद्धा परीक्षाच. तिच्यात नापास झालं तर काही मिळूही शकतं, हे आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आईनं देवाला नारळ बोलला. आबांनी जाण्याआधी हेमूच्या डोक्यावर हात ठेवला, जो ते कधी ठेवत नसत, आणि मला म्हणाले, "मंदे, तू जा सोबत. तुझ्याजवळ तो नीट वागतो."

एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. पुलावरून पांझरा ओलांडताना खाली वाळूच वाळू होती. शाळेच्या आवारात शिरलो तर समोर दहाबारा मुलं लिंबाखाली खेळत होती. हातवारे चालले होते, धक्काबुक्की, हसणं, पण शब्द नव्हता. आज तीच मुलं मला सुखानं खेळताना दिसतात. तेव्हा आईचा हात हेमूच्या मनगटावर असा आवळला गेला की तो कळवळला. आई हळूच मला म्हणाली, "इथं नको गं राहू देऊ याला." जणू माझ्या हातात होतं.

खोलीला जाड पडदे होते. तपासणाऱ्या बाई चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी सांगितलं, मूल कुणाच्या तरी मांडीवर बसवा. हेमू माझ्याकडेच आला. आई बाजूच्या बाकावर बसली. एक मुलगी समोर बसून बाहुली हलवू लागली, म्हणजे त्याचं लक्ष पुढे राहावं. बाई मागे गेल्या. "तू अगदी दगडासारखी बस हं," त्या मला म्हणाल्या. "हलायचं नाही. त्याला काही सुचवायचं नाही."

पहिल्यांदा ढोलकं वाजलं. हेमू वळला. माझ्या जिवात जीव आला. मग डाव्या बाजूला हातघंटी किणकिणली. हेमू बाहुलीकडे बघत होता. घंटी पुन्हा वाजली, जरा जवळून. बाहुली. बाकावर आईनं पदर तोंडाशी नेलेला मला कडेनं दिसला. माझा हात त्याच्या डाव्या मांडीखाली होता. मी दाबलं.

तो वळला.

"छान," बाई मागून म्हणाल्या.

त्यानंतर मी थांबले नाही. उजवीकडे शिट्टी, उजवीकडे दाबलं. डावीकडे खुळखुळा, डावीकडे दाबलं. कागद चुरगाळल्याचा आवाज, तोंडानं केलेला 'स्स स्स' असा आवाज, सगळ्यांना दाबलं. त्याला तो खेळच वाटत होता, आमचा घरचाच खेळ. तो हसत होता. मला वाटत होतं, आपण याला वाचवतोय.

बाईंनी पडदा सारला. उजेड आला. त्या आईसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "कान चांगले आहेत याचे. मला जरा शंका होती. ऐकण्यात कमी निघाली असती ना, तर बरंच करता आलं असतं. मशीन मिळतं. आणि इथं ठेवायचीही गरज नसते, आमच्या शिक्षिका तुमच्याच शाळेत आठवड्याला येऊन शिकवून जातात. बोलतात मुलं चांगली. पण याचं तसं नाही. घरात भरपूर बोला त्याच्याशी, बोलेल."

हे मी ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. हेमू तेव्हा अजून माझ्या मांडीवरच होता आणि माझा हात अजून त्याच्या मांडीखालीच होता. मी पंधरा वर्षांची होते, नववी पास झाले होते, मला त्या बोलण्याचा अर्थ कळत होता. 'बाई, पुन्हा तपासा' इतकं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा खुलला होता की तो मी त्याआधी फक्त हेमू जन्मला तेव्हा पाहिला होता. मी काही म्हटलं नाही.

परतताना आईनं स्टँडवर पेढे घेतले आणि गाडीत अनोळखी बायांना वाटले. "पोराचे कान चांगले निघाले," ती सांगत होती. एक म्हातारी म्हणाली, "कान चांगला नि काय वं, सगळ्यासनाच चांगला ऱ्हातस," आणि आई हसत सुटली.

हेमू पहिलीत बसला. त्या कागदानं त्याचं जे केलं ते लिहिताना आजही हात थांबतो. तो कागद नसता तर मास्तरांनी कदाचित त्याला पुढच्या बाकावर घेतलं असतं, जरा मोठ्यानं बोलले असते. आता कागदावर लिहिलेलं होतं की ऐकू येतं. म्हणजे हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. म्हणजे हट्टी आहे. "कान चांगले आहेत ना तुझे?" असं विचारून त्याच कानांवर मारलेलं मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं आहे. पोरं त्याला 'मुक्या' म्हणायची. तो फळ्यावरचं हुबेहूब उतरवून काढायचा, सुरेख वळणदार अक्षरात, आणि त्यातलं एकही अक्षर त्याला वाचता यायचं नाही. आबांनाही आता सबळ कारण मिळालं होतं. धुळ्याच्या बाईंनी सांगितलंय, कान चांगले आहेत. मग हे पोरगं माजलंय. मी जवळ असले की दाबायची. मी शाळेत असले की त्याला मार बसायचा. संध्याकाळी त्याच्या दंडावरचे वळ बघून मी स्वतःला सांगायची, उद्या सांगू. हा 'उद्या' मी दोन-तीन वर्षं चालवला. मी आता स्वतः शिक्षिका आहे, धुळ्यातच. पहिलीत नवं मूल आलं की त्याच्या पाठीमागे जाऊन मी हळूच चावी वाजवते. सहकारी हसतात. हसू देत.

बारावीनंतर मी डी.एड.ला धुळ्याला गेले, वसतिगृहात राहिले, आणि हेमूच्या पाठीवरचं बोट गेलं. त्यानंतर काही महिन्यांतच पिंप्राळ्याच्या चौकात त्याला रिक्षाची धडक बसली. पायावर निभावलं. रिक्षावाला आमच्या दारात येऊन रडत होता, "मावशी, आईची शपथ, हॉर्नवरचा हात काढला नाही मी. पोरगं मागे बघतच नव्हतं हो." आबा त्याच्या अंगावर धावून गेले. आई गेली नाही. ती आत गेली आणि प्लास्टर घालून बसलेल्या हेमूच्या पाठीमागे टाळी वाजवून बघत राहिली.

पायाचं प्लास्टर सुटल्यावर ती त्याला घेऊन देवपूरला आली. मी कॉलेजातून परस्पर पोचले. खोली तीच, बाई त्याच, केस पिकलेले. आता हेमू नऊ वर्षांचा होता, मांडीची गरज नव्हती. त्याला एकट्याला खुर्चीवर बसवलं, कानांना मोठे हेडफोन लावले आणि हातात मणी दिला. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. हेमू मणी हातात धरून बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं मान वळवली आणि खोलीत मला शोधलं. माझ्याकडे बघत राहिला. टाकू का, असं.

बाईंनी ते पाहिलं. त्यांनी यंत्र बंद केलं. जुन्या फायली काढल्या, बघितल्या आणि विचारलं, "तेव्हा हा कुणाच्या मांडीवर होता?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. हे मी देवासमोरसुद्धा सांगेन. पण माझ्या आधी आई बोलली. "माझ्या," आई स्वतःच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या मांडीवर होता."

बाईंनी तिला सोडलं नाही. "ताई, हलू नका म्हणून सांगितलं होतं ना मी? काय मिळालं तुम्हाला? तेव्हा मशीन लागलं असतं तर आज हा तुमच्याशी भांडला असता. आता जेवढं येईल तेवढं. गेलेली वर्षं मी कुठून आणू? आई ना तुम्ही त्याची?"

"हो," आई म्हणाली. "चुकलं माझं."

"आणि तू," बाई माझ्याकडे वळल्या, "तू शिकतेस ना मास्तरकी? आईला समजावून सांगत जा."

मी मान हलवली. पंधराव्या वर्षी मी जे केलं त्याबद्दल आता मी स्वतःला थोडंफार समजावू शकते. लेकरू होते, घाबरलेली होते. त्या दिवशी जी मान हलवली तिच्याबद्दल नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि घाबरण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त बाईंच्या नजरेत चांगलं राहायचं होतं.

स्टँडवर आईनं भाकरी सोडली. मी म्हटलं, "आई, तेव्हा—" तिनं माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. "खा. तुझ्या वसतिगृहात काय मिळतं देव जाणे." मग गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाली, "मी तेव्हाच पाहिलं होतं. मलाही तेच हवं होतं. विषय संपला." घरी तिनं आबांनाही तसंच सांगितलं असणार, कारण पुढं कित्येक महिने आबा तिच्याशी बोलले नाहीत. ताट समोर आलं की जेवायचे, उठायचे.

हेमूला मशीन मिळालं, शिकवायला बाई येऊ लागल्या, तो बोलू लागला. सपाट, गळ्यातून येणारं, निम्मी अक्षरं गाळलेलं बोलणं. घरच्यांना कळतं, बाहेरचे दोनदा विचारतात. दहावी झाला नाही. अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली, ती घडाघडा बोलते. आईशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. आजारपणात औषधं आणून द्यायचा, पण जवळ बसायचा नाही. आई गेली तेव्हा सगळं रीतीनं केलं आणि तेराव्याला संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी समजायची, बोलायला त्रास होतो म्हणून तो माणसांतून लांब राहतो.

आई गेल्यानंतर वर्षभरानं मी अमळनेरला त्याच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो तांब्याच्या तारेचे वेढे भरत होता. मी समोर बसले, त्याला माझे ओठ दिसतील असं, आणि सगळं सांगितलं. मांडी, बोट, घंटी, पेढे, बाईंनी आईला सुनावलेलं. सांगताना मी रडले नाही, ते मी आधीच ठरवलं होतं.

त्याचे हात थांबले. तो त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "माझ्या मांडीवर, म्हणाली ती. मी पाहिलं होतं."

"काय पाहिलंस?"

"आईचं तोंड. मला ऐकू आलं नाही, पण ओठ आणि मांडीवरचा हात लक्षात राहिला, अर्थ पुढे शब्द आल्यावर लागला. बाई रागावल्या तेही कळलं. लहानपणी कुणाच्या मांडीवर होतो ते आठवत नव्हतं, म्हणून मला वाटत होतं, आईनं केलं." तो तार बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. "ताई, मी तिच्याशी बोललो नाही गं नीट. कधीच नाही."

दुकानासमोरून एक हातगाडी गेली.

"ती विचारायची का तुला? माझं?"

इथं मी पुन्हा गप्प बसू शकले असते. गप्प बसण्याची सवय माझ्या हाडांत आहे. पण त्यासाठी मी तिथवर गेले नव्हते. "विचारायची," मी म्हटलं. "शेवटी दवाखान्यात होती तेव्हा विचारलं. हेमू माझ्याजवळ का बसत नाही गं, म्हणाली."

"तू काय सांगितलंस?"

"कामं असतात म्हटलं त्याला."

त्यानं मान हलवली. हातातली तार नीट सरळ केली, रिळावर गुंडाळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू जा आता. गाडी चुकेल."

दुपारचे तीन वाजले होते. धुळ्याला जाणाऱ्या गाड्या अंधार पडेपर्यंत होत्या, हे त्यालाही माहीत होतं. मी उठले, पिशवी घेतली आणि स्टँडकडे चालू लागले.